प्लगइन्सची भाऊबंदकी

जावास्क्रिप्टमधली दोन प्लगइन्स एका पानावर भांडायला लागली, की चूक बहुधा दोघांपैकी एकाचीही नसते. एकेक चालवून पाहिलं तर दोन्ही बिनतक्रार चालतात. एकत्र आणली की एकाचं बटण गायब होतं, दुसऱ्याची यादी रिकामी येते, आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत ‘अमुक इज नॉट अ फंक्शन’ अशी ओळ उमटते. लिहिणारा म्हणतो, ‘माझ्याकडे तर चालतंय.’ तो खोटं बोलत नसतो.

कंपनीत लिहिल्या जाणाऱ्या कोडची गोष्ट वेगळी. तिथे सगळे एका छपराखाली बसतात, कुणीतरी वरिष्ठ असतो, कुणीतरी तपासणारा असतो, पगाराचा धाक असतो. वापरणाऱ्यांनीच हौसेने लिहिलेल्या प्लगइन्सना यातलं काहीच नसतं. एक लेखक केरळात, दुसरा जर्मनीत, तिसरा इथे चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात क्वार्टरच्या गॅलरीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि चौथा कधीच सगळं सोडून गेलेला. एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या माणसांचा कोड एका पानावर नांदवायचा कसा, हा खरा प्रश्न आहे. मराठीपुरतं बोलायचं तर त्याचं सर्वांत मोठं आणि सगळ्यांना उघडून पाहता येईल असं उदाहरण म्हणजे मराठी विकिपीडिया. तिथे पोचण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण दुखणं जुनं आहे.

१९९५च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला, ही गोष्ट आता कॉलेजातली पोरंही सांगतात. त्या घाईतून आलेली एक सोय पुढे गळ्यात पडली. पानावर जेवढ्या स्क्रिप्ट्स चढवाल, त्या सगळ्यांना मिळून नावं ठेवायची जागा एकच. तुम्ही ‘यादी’ नावाचं चल केलंत, मीही ‘यादी’ नावाचं केलं, तर जो नंतर आला त्याचं राहिलं. भाषा ओरडत नाही, इशारा देत नाही. मुकाट्याने जुनी किंमत पुसते आणि पुढे जाते. चूक जिथे झाली तिथे दिसतच नाही. दिसते ती दोनशे ओळी पुढे, दुसऱ्याच कुणाच्या कोडमध्ये.

नावं कशी ठेवावीत हे ऊर्जानगरातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात संचाचा क्रमांक सांगितल्याशिवाय नुसता ‘पंप’ म्हणून चालत नाही. आणि दुसरी बाब अधिक मोलाची. इथले २१० मेगावॅटचे पहिले दोन संच कायमचे बंद झाले. आज चालतात ते तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत, मिळून २९२० मेगावॅट. पण म्हणून तिसऱ्याला कुणी पहिला म्हणायला लागलं नाही. गेलेल्याचं नाव रिकामं राहू द्यायचं, ते दुसऱ्याला चिकटवायचं नाही. प्लगइन लिहिणाऱ्यांनी हा एक नियम पाळला असता तरी कितीतरी भांडणं वाचली असती.

नावांच्या झगड्याची सर्वांत गाजलेली जागा म्हणजे डॉलरचं चिन्ह. २००५ साली प्रोटोटाइप नावाची लायब्ररी आली. तिने पानावरचा घटक शोधायच्या फंक्शनला नावच ठेवलं डॉलर. पुढच्याच वर्षी जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली, तिनेही तेच चिन्ह उचललं. दोन्ही एका पानावर आल्या की डॉलर कुणाचा, हा प्रश्न. जेक्वेरीने त्यावर ‘नोकॉन्फ्लिक्ट’ नावाची पळवाट दिली: ती हाक मारली की जेक्वेरी डॉलर सोडते आणि आधीच्या मालकाला परत करते. वर्डप्रेस आजही जेक्वेरी याच सोडलेल्या अवस्थेत चढवतं. इंटरनेटवरून उचललेला डॉलरवाला तुकडा वर्डप्रेसमध्ये चिकटवल्यावर चालत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

मग शहाणपण आलं. सगळा कोड एका निनावी फंक्शनच्या वेष्टणात गुंडाळायचा आणि ते फंक्शन तिथल्या तिथे चालवायचं, म्हणजे आतली नावं आतच राहतात. बाहेर ठेवायचंच असेल तर एकच नाव ठेवायचं आणि बाकीचं सगळं त्याच्या पोटात. याहूच्या लायब्ररीने हे केलं, डग्लस क्रॉकफर्ड यांनी ते रूढ केलं. २००९ साली नोडच्या बरोबरीने कॉमनजेएसची मॉड्यूल पद्धत आली आणि २०१५च्या जूनमध्ये ईएस-६ या आवृत्तीने मॉड्यूल भाषेतच आणलं. आता प्रत्येक फाइल आपापल्या भिंतीआड. हवं ते मागून घ्यायचं, द्यायचं ते नाव घेऊन द्यायचं.

म्हणजे नावांचा प्रश्न सुटला. बहुतेक मार्गदर्शक लेख इथेच थांबतात, वेष्टणाची कृती सांगतात आणि झगडा मिटला असं जाहीर करतात. मला हे पटत नाही. प्लगइन्स सामाईक वापरतात ती नुसती नावं नव्हेत. पान सामाईक असतं, कळफलक सामाईक असतो, भाषेच्या पोटातल्या मूळ वस्तू सामाईक असतात, आणि कुणी आधी चालायचं याचा क्रमही सामाईक असतो. क्रोमच्या एक्स्टेंशन्सकडे बघा. प्रत्येक एक्स्टेंशनची चलं ब्राउझर वेगळ्या जगात ठेवतो, एकाला दुसऱ्याचं नावही दिसत नाही. पण पान सगळ्यांना तेच. दोन एक्स्टेंशन्सनी एकाच बटणाचा रंग बदलायचं ठरवलं, तर वेगळी जगं काहीच कामाची नाहीत.

मूळ वस्तूंना हात लावल्याचं उदाहरण २०१८ सालचं आहे आणि ते मोठं मासलेवाईक आहे. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने ॲरेच्या मूळ साच्यात स्वतःचं ‘फ्लॅटन’ नावाचं फंक्शन घातलं होतं. ती वापरणाऱ्या साइट्स वर्षानुवर्षं तशाच चालू होत्या. पुढे भाषेतच त्या नावाचं फंक्शन आणायचं ठरलं, मार्च २०१८मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते आलंही, आणि जुन्या साइट मोडायला लागल्या. कुणीतरी थट्टेने नवं नाव ‘स्मूश’ ठेवू म्हणालं आणि त्यावरून जगभर वाद पेटला. शेवटी भाषेनेच माघार घेतली. फंक्शनचं नाव ‘फ्लॅट’ झालं. एका लायब्ररीने न विचारता बळकावलेल्या जागेपुढे अख्ख्या भाषेला वाट बदलावी लागली.

आता क्रमाचा झगडा. खेळ बनवायच्या आरपीजी मेकर या जपानी साधनात तो उघड्यावर पाहायला मिळतो. २०१५च्या एमव्ही आवृत्तीपासून त्याचं इंजिन जावास्क्रिप्टमध्ये आहे, आणि हौशी लोकांनी त्यासाठी ढीगभर प्लगइन्स लिहिली. इंजिनमधलं फंक्शन बदलायचं असेल तर पद्धत अशी: मूळ फंक्शन आधी आपल्या नावाने बाजूला ठेवायचं, मग त्या जागी आपलं बसवायचं, आणि आपल्या आत मुळाला न विसरता हाक मारायची. असं पाच जणांनी केलं तर पाच पदर एकावर एक बसतात आणि सगळे चालतात. सहाव्याने मुळाला हाक न मारता सरळ आपलंच रेटलं, की यादीत त्याच्या वर असलेले पाचही जण मुके होतात. मग वापरणारा प्लगइन्सचा क्रम खालीवर करत बसतो.

एमव्हीमध्ये खेळातून प्लगइनला हुकूम द्यायचा असेल तर सगळ्यांसाठी मिळून एकच फंक्शन होतं. प्रत्येक प्लगइन तेच पदरात घ्यायचं आणि आलेला शब्द आपला आहे का ते तपासायचं. २०२०च्या एमझेड आवृत्तीत इंजिनने नोंदणी सुरू केली: प्लगइनचं नाव, हुकमाचं नाव आणि काम, तिन्ही सांगून टाका, योग्य हुकूम योग्य घरी पोचवायचं काम इंजिनचं. शिवाय फाइलच्या माथ्यावरच्या टिपेत ‘मी अमक्यावर अवलंबून आहे, मला अमक्याच्या नंतर ठेवा’ हे लिहायची सोय झाली. हुकमांच्या बाबतीतली भांडणं त्यामुळे मिटली. प्लगइन लिहिणारे काही एकाएकी सुधारले नव्हते. यजमानाने दार ठेवलं, म्हणून भिंत फोडायची गरज उरली नाही. या सगळ्या प्रश्नाबद्दल माझं मत विचाराल तर ते एवढंच आहे, आणि मराठी विकिपीडियाकडे मी याच नजरेने पाहतो.

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. विकिपीडियाच्या पानांवर जावास्क्रिप्ट तीन वाटांनी येतं. ‘कॉमन डॉट जेएस’ हे पान सगळ्या वाचकांना लागू होतं. गॅजेट्स ही ज्याची त्याने ‘पसंती’मध्ये जाऊन खूण करून घ्यायची. आणि प्रत्येक सदस्याला स्वतःच्या नावाखाली स्वतःपुरती फाइल ठेवता येते, तिथे तो मनाचा राजा. तिन्ही वाटांचा कोड शेवटी एकाच पानावर उतरतो. विकिपीडियाचं वैशिष्ट्य असं की हा कोडही लेखासारखाच उघडा असतो: कुणी, कधी, कोणती ओळ बदलली हे ‘इतिहास’ टॅबवर कुणालाही दिसतं. भांडणाचा तपास करायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

सुरुवातीची निकड होती टंकलेखनाची. तेव्हा घरोघरच्या संगणकांवर देवनागरी कळफलक बसवलेला नसायचा, सायबर कॅफेत तर विचारायलाच नको. भारतीय भाषांच्या विकींवर रोमन अक्षरं दाबली की आपली लिपी उमटवणाऱ्या स्क्रिप्ट्स आल्या त्या या गरजेतून. मलयाळम विकिपीडियातल्या एका स्वयंसेवकाने लिहिलेल्या अशाच साधनातून ‘नारायम’ हे विस्तारक घडलं आणि २०११च्या सुमारास ते इतर भारतीय भाषांच्या विकींवरही पोचलं. कंट्रोल-एम दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की इंग्रजी. पुढे फायरफॉक्सनेही कंट्रोल-एम टॅबचा आवाज बंद करायला घेतलं, ते सोडा. कळा मोजक्याच आहेत आणि दावेदार पुष्कळ.

कळफलकाच्या प्लगइनचा झगडा जवळून पाहण्यासारखा आहे. तुम्ही ‘ताडोबा’ लिहायला रोमन ‘टी’ दाबता. प्लगइन ती कळ मधल्यामध्ये पकडतं, ब्राउझरला म्हणतं ‘तू काही करू नकोस’, आणि खोक्यात स्वतःच ‘त्’ लिहितं. अक्षर दिसलं, काम झालं. पण ब्राउझरने स्वतः काही लिहिलंच नाही, त्यामुळे ‘मजकूर बदलला’ ही वर्दीही त्याने दिली नाही. आता शोधाच्या खोक्याला सूचना दाखवणारं दुसरं गॅजेट जोडलेलं आहे आणि ते नेमकं त्याच वर्दीची वाट पाहतंय. तुम्ही पूर्ण ‘ताडोबा’ लिहिता आणि खाली एकही सूचना येत नाही. दोन्ही लेखक बरोबर आहेत, दोघांच्या चलांची नावं वेगळी आहेत, दोघांनीही वेष्टण घातलंय. उपाय असा की अक्षर बदलणाऱ्याने बदलल्यावर वर्दी स्वतःहून द्यायची. एका ओळीचं काम, पण ते करायचं असतं हे दुसऱ्याची अडचण कळल्याशिवाय सुचत नाही.

या गुंत्यावर विकिमीडियाच्या भाषा-अभियंत्यांनी काढलेला तोडगा मला आजही नमुनेदार वाटतो. २०१२च्या आसपास नारायमचा गाभा वेगळा काढून ‘जेक्वेरी डॉट आयएमई’ नावाची लायब्ररी झाली. तिच्यात कळा पकडणं, कर्सर सांभाळणं, खोक्यात लिहिणं हे सगळं एकाच ठिकाणी आहे. प्रत्येक कळफलकाची मात्र नुसती यादी असते: ओळखीचं नाव, दाखवायचं नाव, किती मागच्या अक्षरांपर्यंत पाहायचं, आणि ‘हे आलं की ते लिही’ असे नियम. मराठीचं अक्षरांतरण अशी एक फाइल, मराठी इनस्क्रिप्ट अशी दुसरी. फाइल स्वतः काही चालवत नाही, पानाला हात लावत नाही, नुसती नोंदणी करते. तिला भांडायला जागाच ठेवलेली नाही. कोड न लिहिता येणारा भाषेचा जाणकारही त्यात भर घालू शकतो, हा वरचा लाभ.

त्या काळात महाराष्ट्र या कामाच्या बराच जवळ होता. नोव्हेंबर २०११मध्ये मुंबई विद्यापीठात विकिकॉन्फरन्स इंडिया भरली, तिच्या जोडीला हॅकेथॉन झाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पुण्यात रेड हॅटच्या सहकार्याने मुक्त स्रोत भाषा परिषद झाली. ‘युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर’मध्ये कळफलक आणि फाँट एकत्र बांधून २०१३मध्ये सगळ्या विकींवर आले. लगेच, जानेवारी २०१४मध्ये, त्यातले वेबफाँट्स मूळ स्थितीत बंद करावे लागले, कारण पानं जड होऊ लागली होती. हाही एक झगडाच, फक्त कोडचा कोडशी नव्हे, कोडचा नेटवर्कशी. गडचिरोलीत एटापल्ली-भामरागडकडे जाणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. सर्वांना आपोआप लागू केलेलं प्रत्येक गॅजेट सर्वांच्या डेटा पॅकमधून जातं, मग ते वापरा अगर न वापरा.

यजमानाने दार ठेवायचं म्हणजे काय, हे विकिपीडियाने २०११ साली आणलेल्या रिसोर्सलोडरमध्ये दिसतं. आधी प्रत्येक स्क्रिप्ट पानावर थेट चढायची, पानाचं शीर्षक वगैरे माहिती उघड्या ग्लोबल नावांत असायची. रिसोर्सलोडरने प्रत्येक गॅजेटला मॉड्यूल मानलं, त्याला आपोआप वेष्टण घातलं, आणि गॅजेट्सच्या यादीच्या पानावर एका ओळीत त्याचं अवलंबित्व लिहायला लावलं: मला अमुक साधन आधी हवं. क्रमाची चिंता लेखकाची राहिली नाही. २०१३मध्ये ‘हुक’ आले. पानाचा मजकूर तयार झाला की विकी हाळी देते, ज्याला काम असेल त्याने करावं. त्यात एक बारीक शहाणपण आहे: उशिरा आलेल्या गॅजेटलाही शेवटची हाळी ऐकवली जाते. मंद नेटवर ज्याची फाइल शेवटी उतरली, तोही उपाशी राहत नाही.

ज्यांनी ही दारं वापरली ती गॅजेट्स टिकली. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३मध्ये ‘व्हेक्टर २०२२’ हे नवं रूप घेतलं, तेव्हा बाजूपट्टीची मांडणीच बदलली. मेनूत दुवा घालायला विकीचं अधिकृत फंक्शन वापरणाऱ्या स्क्रिप्ट्स नव्या घरात सुखरूप गेल्या. ‘डावीकडचा तिसरा खोका शोध आणि त्यात घाल’ असं लिहिणाऱ्या मोडल्या. २०१७मध्ये विकीवरची जेक्वेरी तिसऱ्या आवृत्तीला गेली तेव्हाही जुन्या स्क्रिप्ट्सची अशीच गाळणी झाली. वर्डप्रेसवाल्यांनी हा अनुभव ऑगस्ट २०२०मध्ये घेतला. ५.५ या आवृत्तीतून जुन्या जेक्वेरीला सांभाळून घेणारा दुवा काढला, आणि इतक्या थीम्स आणि प्लगइन्स कोलमडली की तो दुवा परत जोडणारं वेगळं प्लगइन काढावं लागलं. तालुक्याच्या गावातलं वृत्तपत्र असो की शाळेची साइट, आपल्याकडे वर्डप्रेस सर्वत्र आहे आणि ते बसवून देणारा बहुधा नंतर सापडत नाही.

मराठीपुरता एक झगडा मात्र आयात केलेला आहे. लहान विकी गॅजेट्स लिहीत नाही, आणते. लेखांना वर्ग जोडायचं हॉटकॅट हे गॅजेट विकिमीडिया कॉमन्सवर राहतं आणि शेकडो विकी ते तिथूनच चढवतात. ही चांगली पद्धत, दुरुस्ती एकदा झाली की सगळीकडे पोचते. पण बरंच काही नुसतं नकलून आणलं जातं, आणि नक्कल त्या दिवशी गोठते. मुळात दुरुस्त्या होत राहतात, नकलेला पत्ता नसतो. सगळ्या विकींसाठी एकच गॅजेट-भांडार हवं ही मागणी जुनी आहे आणि अजून पुरी झालेली नाही.

नकललेल्या कोडमध्ये इंग्रजी गृहीत धरलेलं असतं, तेही लेखकाच्या नकळत. समजा, चर्चापानावरच्या सहीतली वेळ वाचून ‘किती दिवसांपूर्वी’ हे दाखवणारी स्क्रिप्ट आणली. ती अंक शोधते, पण जावास्क्रिप्टच्या लेखी अंक म्हणजे इंग्रजी शून्य ते नऊ. आपल्या सहीत ‘१२’ असतं. त्याचा आकडा करायला सांगितला तर भाषा उत्तर देते: हा आकडाच नाही. त्यावर पुढचा हिशेब कोसळून स्क्रिप्ट थांबली, आणि ती दुसऱ्या कोडबरोबर एकाच फाइलमध्ये कोंबलेली असेल, तर तिच्या खालचं सगळंच थांबतं. तीच गत नामविश्वांची, म्हणजे लेख, चर्चा, सदस्य अशा पानांच्या गटांची. इंग्रजीतलं चर्चापानाचं नाव शोधणाऱ्या स्क्रिप्टला ‘सदस्य चर्चा’ कुठून सापडणार? विकीकडून नामविश्वाचा क्रमांक विचारला तर हा प्रश्न येतच नाही, तो सगळ्या भाषांत तोच असतो.

याहून चिवट आहे ‘ऱ्य’. दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, किनाऱ्यावर: हा अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. युनिकोडमध्ये नुक्तावाल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. कोडला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका कळफलकाने एक तऱ्हा उमटवली आणि दुसऱ्याने दुसरी, तर तुलना करणारं गॅजेट म्हणणार की या नावाचा वर्ग अस्तित्वातच नाही. मग संपादक तो नव्याने करतो आणि एकाच नावाचे दोन वर्ग नांदू लागतात. जावास्क्रिप्टमध्ये चलांची नावं देवनागरीत ठेवायला परवानगी आहे, त्यामुळे हौसेने तसं करणाऱ्यालाही हा सापळा आहेच. एकाच नावाचे दोन मालक हा नेहमीचा झगडा, इथे एका मालकाची दोन नावं. तुलनेआधी दोन्हींना एका तऱ्हेत आणणारं फंक्शन विकीवर सामाईक ठेवावं, प्रत्येक गॅजेटने आपापलं लिहू नये.

मोबाइलचा मुद्दाही सांगायला हवा. बरीच वर्षं गॅजेट्स मोबाइलच्या पानावर उतरतच नसत, यादीतल्या ओळीत तसं मुद्दाम लिहिलं तरच उतरत. आमच्याकडे कार्यशाळेला येणारी मुलं लॅपटॉप घेऊन येत नाहीत. शिकवणारा पडद्यावर बटण दाखवतो आणि वर्गात एकालाही ते दिसत नाही. याला कोडचा झगडा म्हणायचं की नाही, हे वाचकावर सोडतो.

आता मालकीचं. २०१४च्या ऑगस्टमध्ये जर्मन विकिपीडियाच्या एका प्रचालकाने विकिमीडिया फाउंडेशनचा नवा ‘मीडिया व्ह्यूअर’ कॉमन डॉट जेएसमधून बंद करून टाकला. फाउंडेशनने ‘सुपरप्रोटेक्ट’ नावाचं नवं कुलूप काढून ते पानच प्रचालकांसाठी बंद केलं. केवढा गदारोळ झाला. पुढच्या वर्षी ते कुलूप काढावं लागलं. दोन कोडच्या तुकड्यांचं भांडण बघताबघता दोन सत्तांचं झालं होतं. २०१८च्या ऑगस्टपासून सर्वांना लागू होणाऱ्या जावास्क्रिप्टला हात लावायचा अधिकार सगळ्या प्रचालकांकडून काढून ‘इंटरफेस प्रचालक’ या वेगळ्या गटाकडे दिला. सुरक्षेसाठी ते योग्यच होतं, एका चोरलेल्या पासवर्डने लाखो वाचकांच्या ब्राउझरमध्ये काहीही घालता आलं असतं. पण लहान विकींवर हा अधिकार असलेली माणसं मोजकी असतात, आणि त्यांना नोकऱ्या, परीक्षा, घरची कामं असतात. मोडलेलं गॅजेट दुरुस्त कसं करायचं हे ठाऊक असलेला सदस्य आणि दुरुस्त करायचा अधिकार असलेला सदस्य ही दोन वेगळी माणसं असतात, आणि निरोप मध्ये अडकतो.

म्हणून माझा आग्रह तांत्रिक कमी आणि कारकुनी जास्त आहे. प्रत्येक गॅजेटच्या पानावर वरती लिहावं: मूळ कुठलं, कोणत्या तारखेची नक्कल, कोण पाहतं, कशाला हात लावतं. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. ‘शोधाच्या खोक्यातल्या कळा पकडतं’ एवढं चार शब्दांत लिहिलेलं असतं, तर सूचनांच्या गॅजेटवाल्याला आठवडाभर डोकं फोडावं लागलं नसतं. पाहणारा कुणी उरला नसेल तर गॅजेट बंद करावं, पण त्याचं नाव दुसऱ्याला देऊ नये. कुणाची तरी वैयक्तिक फाइल त्याला अजून हाक मारत असते.

तपासाची रीत सोपी आहे आणि तिला प्रोग्रॅमर लागत नाही. पानाच्या पत्त्याला ‘सेफमोड’ची शेपटी जोडली की विकी सगळी गॅजेट्स आणि वैयक्तिक स्क्रिप्ट्स वगळून पान दाखवते. तिथे सगळं नीट चाललं तर चोर आपल्याच घरात आहे. मग निम्मी गॅजेट्स बंद करायची, पाहायचं, उरलेल्यातली निम्मी बंद करायची. सोळातून एक शोधायला चार फेऱ्या पुरतात. अट अशी की दोषी एकटाच असावा. दोघांचं भांडण असलं, आणि दोघं एकत्र असतानाच बिघाड होत असला, तर ते दोन वेगळ्या निम्म्यांत पडले की ही रीत फसते आणि वही घेऊन बसावं लागतं.

या भागात पुढचं काम गोंडीचं असेल असं मला वाटतं. गडचिरोलीत गोंडी देवनागरीतही लिहिली जाते. शिवाय मंगलसिंग मसराम यांनी १९१८मध्ये बांधलेली मसराम गोंडी लिपी जून २०१७मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत आली, आणि तेलंगणातल्या गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांची गुंजाळा गोंडी पुढच्या वर्षी. कळफलकाची यादी लिहिणं सोपं आहे, साचा तयारच आहे. अडचण दुसरीकडे आहे. या दोन्ही लिप्यांना युनिकोडमध्ये वरच्या मजल्यावर जागा मिळाली, आणि जावास्क्रिप्ट अक्षरं सोळा बिटांच्या तुकड्यांत मोजतं. देवनागरीचा ‘क’ म्हणजे एक तुकडा, मसराम गोंडीचा ‘क’ म्हणजे दोन. ‘मागचं एक अक्षर खोड’ असं लिहिलेलं जुनं गॅजेट गोंडीत अर्धं अक्षर खोडेल आणि मागे प्रश्नचिन्हासारखा खोका ठेवेल. कर्सर मोजणारं, सारांशाची लांबी तपासणारं, शोधलेला शब्द रंगवणारं, प्रत्येक गॅजेट यासाठी एकदा चाळावं लागेल. २०१५च्या आवृत्तीपासून भाषेत पूर्ण अक्षर मोजायची सोय आहे. जुन्या स्क्रिप्ट्स त्याआधीच्या आहेत. तेव्हा गोंडीचा कळफलक करायला घेणाऱ्याने आधी नियमांची यादी लिहायला बसू नये. विकीवर चालू असलेल्या गॅजेट्सची फाइल उघडावी, ‘लेंग्थ’ हा शब्द शोधावा, आणि तो जिथे जिथे सापडेल तिथल्या लेखकाला, तो अजून असेल तर, चर्चापानावर निरोप ठेवावा.